आधी टाइपरायटर, मग खोली: बेळगावात जुन्या वळणाचं ऑफिस मांडताना

जुन्या वळणाचं ऑफिस करायचं ठरलं की लोक आधी भिंती रंगवतात, मग फर्निचर आणतात आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात ठेवायला एखादा टाइपरायटर शोधत फिरतात. क्रम उलटा हवा. मशीन आधी घ्या. ते कोणत्या काळातलं आहे, कॅरेज (कागदासकट डावी-उजवीकडे सरकणारा वरचा भाग) किती रुंद आहे, अक्षरं कोणत्या लिपीतली आहेत, यावरून टेबल ठरतं. टेबलावरून दिव्याची जागा ठरते आणि दिव्यावरून भिंतीचा रंग. शिवाय मशीन चालू हवं. बंद मशीनवर दोन महिन्यांत धूळ बसते आणि मग त्याच्यावर वर्तमानपत्रांची चळत येते. चालू मशीन असलं की येणारा प्रत्येक पक्षकार, सभासद, गिऱ्हाईक एकदा तरी बोट लावून बघतोच, आणि खोलीही त्यामुळे जिवंत राहते.

पुढचं सगळं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात जे मिळतं ते धरून लिहिलं आहे. वकील, कर सल्लागार, पतसंस्था, लहान प्रकाशक, होम-स्टेवाले, कोणालाही चालेल.

मशीन कुठे आणि कसलं शोधायचं

भंगाराच्या दुकानात जाण्याआधी ओळखीपाळखीत विचारा. आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूट गल्लोगल्ली होत्या. त्या बंद पडल्या तरी बऱ्याच घरांच्या माळ्यावर मशीनं तशीच आहेत. जुन्या वकिलांची घरं, सहकारी सोसायट्या, सूतगिरण्यांची आणि तंबाखू वखारींची ऑफिसं, ही दुसरी जागा. सोसायटीकडून घ्यायचं असेल तर ठराव आणि रीतसर पावतीशिवाय उचलू नका. ती वस्तू सभासदांची असते.

सीमाभागात एक गंमत आहे, ती पुण्या-मुंबईकडे सहसा मिळत नाही: इथे इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशी तिन्ही लिप्यांची मशीनं हाती लागतात. रिबन, सुटे भाग आणि जाणकार मिळायला इंग्रजी सगळ्यात सोपं. मराठी मशीन थोडं शोधावं लागतं, पण माझं मत विचाराल तर तेच घ्या. कळफलकाकडे जरा जवळून बघा. ‘भ’, ‘ध’, ‘ण’, ‘श’ ही अक्षरं बहुतेक मशीनांवर अख्खी नसतातच. अर्धं अक्षर मारायचं आणि त्याला काना जोडायचा. ‘कि’ लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटी आधी, ‘क’ नंतर. हाताने पाटीवर अक्षर गिरवलेल्या माणसाला हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण दहा ओळी मारल्या की बोटं शिकतात. ऑफिसात येणाऱ्या पोरांना हे दाखवलं की ती जागेवरून हलत नाहीत.

कंपन्यांमध्ये गोदरेज, रेमिंग्टन, हाल्डा आणि फॅसिट ही नावं आपल्याकडे जास्त दिसतात. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ च्या सुमारास उत्पादन थांबवलं. शेवटची मशीनं शिरवळच्या कारखान्यात बनली. आपण पुण्याला जाताना हायवेवर लागतं तेच शिरवळ. त्यामुळे ‘शंभर वर्षांपूर्वीचं गोदरेज’ असं कोणी सांगितलं तर चहा प्या आणि निघा.

कॅरेजची रुंदीही बघून घ्या. हिशेबाचे मोठे तक्ते मारायला केलेली लांबलचक कॅरेजची मशीनं बँका-सोसायट्यांकडून निघतात. ती दिसायला रुबाबदार, पण टेबल गिळतात. दहा बाय दहाच्या खोलीत साधी फुलस्केप कागदापुरती कॅरेज बास झाली.

विकत घेण्याआधी तपासणी

इथे घाई नको. खिशात दोन कोरे कागद ठेवा आणि या क्रमाने बघा.

स्पेसबार दाबा. कॅरेज एक घर डावीकडे सरकली पाहिजे. सरकत नसेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा कॅरेजला ओढणारी दोरी तुटलेली असते. ही दोरी एका गोल डब्यातल्या स्प्रिंगला बांधलेली असते. ती पुन्हा बांधता येते, पण तो डबा स्वतः उघडू नका. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर हाताला लागते.

मग एकेक कळ दाबा. अक्षराचा दट्ट्या (ठसा बसवलेली बारीक दांडी) वर जाऊन लगेच खाली यायला हवा. वर जाऊन तिथेच रेंगाळत असेल तर मध्यभागी जो अर्धगोल खाचांचा भाग असतो त्यात जुनं तेल आणि धूळ मिळून चिकटा झालेला आहे. हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात सोपा दोष. विकणारा ‘मशीन जाम आहे’ म्हणून किंमत कमी करत असेल तर मनातल्या मनात खूश व्हा.

रोलरवर नख दाबून बघा. रबर थोडंही दबत नसेल, दगडासारखं झालं असेल, तर अक्षर मारताना आवाज मोठा येतो आणि कागदाला पूर्णविरामाच्या जागी भोकं पडतात. शोभेपुरतं आणि अधूनमधून वापरायचं असेल तर कागदामागे आणखी एक जाडसर कागद लावला की काम भागतं.

ओळ संपत आली की घंटी वाजते का? कॅरेज परत आणायच्या खटक्याबरोबर रोलर एक ओळ फिरतो का? शिफ्ट दाबल्यावर वरची अक्षरं सरळ रेषेत येतात का? काही जुन्या इंग्रजी मशीनांवर एक हा आकडाच नसतो, तो स्मॉल एल मारून काढत. हा दोष धरू नका.

वरवरचा तांबूस गंज चालेल. स्प्रिंगांवर खोल गंज असेल, दट्ट्या वाकलेला असेल किंवा दोन-तीन अक्षरंच गायब असतील, तर ते मशीन सुट्या भागांसाठीच.

घरी आणताना कॅरेजला किंवा रोलरच्या मुठींना धरून उचलायचं नाही, खालच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी धरायचं. दोन्ही मार्जिन मध्यावर आणून ठेवले की कॅरेज इकडेतिकडे पळत नाही. वाकळेत गुंडाळा आणि रिक्षात पायांशी ठेवा. ऑफिसचं मशीन चांगलंच वजनदार असतं. टू-व्हीलरच्या पुढ्यात ठेवून रेल्वे गेट ओलांडण्याचा विचारसुद्धा करू नका.

साफसफाई

आपल्या पट्ट्यातला एक जुना मेकॅनिक कोणी मशीन आणून टेबलावर ठेवलं की आधी वास घेतो. खोबरेल तेलाचा वास आला की कपाळावर हात मारतो. “तेलानंच मेलंय ओ हे सर. वरनं आणि तेल कशाला घालतायसा?” त्याचं म्हणणं लिहून ठेवण्यासारखं आहे. अर्धगोल खाचांत तेल अजिबात नको. गंज सोडवायचे फवारे मिळतात तेही नकोत. पहिले चार दिवस मशीन पळतं, मग तो फवारा वाळून पुन्हा चिकटतो.

रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं. ते वाटीत घ्या, जुना टूथब्रश बुडवा आणि खाचांत घासा, कळा दाबत राहा. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ शेगडी, उदबत्ती काही नको. काळं पाणी गळायचं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. बाहेरच्या पत्र्याला, कंपनीच्या नावाच्या सोनेरी अक्षरांना, रोलरच्या रबराला आणि प्लास्टिकच्या कळांना टर्पेंटाइन लागू देऊ नका. थिनर तर घरात आणूच नका. रंग सोलून काढतं. पत्र्याला ओलसर फडकं आणि साबणाचा एक थेंब पुरतो.

अक्षरांचे ठसे सुईने टोकरू नका, ब्रशनेच घासा. मराठी मशीनमध्ये ‘ठ’, ‘ध’, ‘व’, ‘ष’ यांची पोटं शाईने भरून येतात आणि कागदावर काळा ठिपका उमटतो. ती मोकळी झाली की लगेच फरक दिसतो. कॅरेज ज्या दांडीवर सरकते तिथे मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन पुसा.

एखादा स्क्रू, पिन किंवा बारीक दांडी हरवली असेल तर बेळगावकरांना अडचण नाही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्यांची कमतरता नाही. जोडीतला दुसरा स्क्रू नमुना म्हणून घेऊन जा. मोठ्या कारखान्यात हे काम कोणी घेणार नाही. एकट्या लेथवर बसणाऱ्या मामांना गाठा आणि ते रिकामे असतील तेव्हा जा.

रिबन अर्ध्या इंचाची लागते. नवीन रिबन मिळाली तरी जुन्या मशीनची मूळ चक्री फेकू नका. नवी रिबन तिच्यावरच गुंडाळा, कारण शेवटाला पोहोचल्यावर उलटी फिरण्याची व्यवस्था काही मशीनांत त्या चक्रीवर अवलंबून असते. लाल-काळी रिबन घ्या. तारखेपुरती लाल, बाकी काळी, एवढंसुद्धा पुरतं.

साल ठरवा

सजावटीची खरी पायरी हीच, आणि इथेच बहुतेकांचं फिस्कटतं. टाइपरायटर, मग शेजारी ग्रामोफोन, कंदील, बैलगाडीचं चाक, पितळी तोफ. असं केलं की ऑफिस राहत नाही, हायवेवरचा ढाबा होतो. जुनं म्हणजे सगळं जुनं नव्हे. एक दशक निवडा आणि त्याला धरून राहा.

आपल्या भागात तर दशक निवडणं फार मजेचं आहे, कारण कागदावरचा पत्ताच बदलत गेला. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचं ऑफिस करायचं असेल तर भिंतीवर मुंबई राज्याचा नकाशा हवा. त्यानंतर म्हैसूर राज्य, आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे साठच्या दशकातल्या लेटरहेडवर ५९०००१ छापलेलं असेल तर ते लेटरहेड काल छापलेलं आहे. दशमान पैसे १९५७ चे. त्याआधीच्या पावत्यांवर रुपये-आणे-पै. ‘कालनिर्णय’ १९७३ पासूनचं. हे तपशील जुळवायला जास्त पैसे लागत नाहीत, आणि एखादा जुना हेडक्लार्क ऑफिसात आला की तो फर्निचर नाही बघणार, हेच बघणार.

माझी शिफारस १९६० ते १९७५. या काळातल्या वस्तू अजून मिळतात, परवडतात आणि वापरता येतात. काळा डायलचा फोन घ्या. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवलेले बरेच फिरत असतात, ती कंपनी १९४८ ची. पोलादी कपाट, वेताची खुर्ची, लाकडी ट्रे, चावीचं भिंतीवरचं घड्याळ, सगळं या पंधरा वर्षांत बसतं.

टेबल

टायपिस्टचं टेबल नेहमीच्या टेबलापेक्षा खुजं असतं. आपलं साधं टेबल साधारण ३० इंच उंच. त्यावर मशीन ठेवलं की कोपर वर उचलावं लागतं आणि अर्ध्या पानात खांदे भरून येतात. २६-२७ इंच उंची बरी. जुनं सागवानी टेबल मिळालं तर पाय कापू नका, मशीनसाठी शेजारी वेगळं लहान टेबल करून घ्या. काटकोनात मांडलं की समोर माणूस, बाजूला मशीन, अशी बैठक आपोआप तयार होते.

मशीनखाली फेल्टचा जाड तुकडा घाला. आवाज निम्मा होतो आणि मशीन सरकत नाही. दोन्ही बाजूंना फूटभर जागा मोकळी सोडा, कारण ओळ संपताना कॅरेज डावीकडे आणि नवी ओळ सुरू करताना उजवीकडे बाहेर येते. फ्लॉवरपॉट, चहाचा कप, फोटोफ्रेम, सगळं तिच्या वाटेबाहेर.

मोठ्या टेबलावर हिरवी बनात (जाड लोकरी कापड) आणि वर काच, हा त्या काळाचा शिक्का. काचेखाली रेल्वेचं जुनं वेळापत्रक, पोस्टकार्ड, लग्नपत्रिका, जकातीच्या पावत्या असं काहीबाही असायचं. मूळ फोटो मात्र काचेखाली घालू नका. पावसाळ्यात ते काचेला चिकटतात आणि सोडवताना चेहरे निघून येतात. चांगली रंगीत झेरॉक्स काढा.

टेबलावर फार वस्तू नकोत. काचेचा पेपरवेट, टाचण्यांची उशी, बिलं खोचायची उभी तार, शाईचं पॅड आणि दोन रबरी शिक्के, तांबडी फीत बांधलेल्या चार-सहा फायली. पेन ठेवायला खानापूरच्या मातीचं लहान मडकं घ्या; तिथल्या कुंभारकामाला नाव आहे, आणि ते भाजक्या रंगाचं मडकं हिरव्या बनातीवर फार छान दिसतं. लाखेचा शिक्का आणि मेणबत्ती हौसेला ठीक, पण पडद्यापासून लांब.

भिंत, फरशी, उजेड

त्या काळातल्या ऑफिसच्या भिंतींना दोन रंग असत. खाली साधारण चार फुटांपर्यंत ऑइल पेंट, वर चुना, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर रुंदीची गडद रेघ. खाली शेवाळी हिरवा किंवा मातकट तपकिरी, वर फिकट पिवळसर पांढरा. एवढं एक केलं तरी खोली पन्नास वर्षं मागे जाते, आणि खर्चही वॉलपेपरपेक्षा कमी. पेंटरला ‘जुन्या मामलेदार कचेरीसारखं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

जुन्या घरात ऑफिस असेल तर फरशी उखडण्याआधी खाली काय आहे ते बघा. टिळकवाडी, शहापूर, कॅम्पातल्या कित्येक घरांत टाइल्सखाली तांबडी गुळगुळीत जमीन दडलेली असते. ती सापडली तर मेण लावून तशीच ठेवा. नसेल तर साधी शहाबादी.

दिवे पिवळसर घ्या, २७०० केल्विनचे एलईडी. छतातून सोडलेली दांडी आणि बाहेरून हिरवं, आतून पांढरं इनॅमलचं शेड, हे मशीनच्या बरोबर वर नको, जरा डावीकडे घ्या म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. काळी गोल बटणं आणि लाकडी पट्टीवरची वायरिंग दिसायला देखणी असते. बटणं जुन्या घाटाची लावा, पण आतली वायर नवीनच टाका आणि एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. जुन्या कापडी वायरी दाखवायला म्हणूनसुद्धा चालू ठेवू नका.

पडद्यांना बेळगावजवळच्या हुदली गावची खादी. गांधीजी १९३७ मध्ये हुदलीला येऊन राहिले होते, आणि तिथलं खादीचं काम आजही ओळखलं जातं. साधा जाडसर, न रंगवलेला कपडा घ्या. छापील टाइपरायटरचे पडदे कोणी दाखवले तर नको म्हणा.

भिंतीवर एक मोठी गोष्ट लावा, दहा लहान नकोत. बेळगावात विषयाला तोटा नाही. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं एकमेव. मराठी साहित्य संमेलन इथे १९२९ आणि १९४६ ला झालं. यापैकी एखाद्याचं छायाचित्र मोठं करून काळ्या चौकटीत लावलं की ती भिंत संपली.

कॉम्प्युटर कुठे लपवायचा

लपवू नका, बाजूला करा. लाकडी खोक्यात मॉनिटर बसवण्याचे प्रकार मी बघितले आहेत. आत उष्णता कोंडते आणि दिसतंही खोटं. लॅपटॉप ड्रॉवरमध्ये, राउटर कपाटावर, प्रिंटर मागच्या खोलीत. वायरी टेबलाच्या मागच्या पायाला बांधून खाली आणा. ऑफिस रोजच्या कामाचं आहे, नाटकाचा सेट नव्हे.

बाहेरची पाटी

ही पायरी नवख्यांच्या लक्षात राहत नाही. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यवसायाच्या पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि पाटीच्या वरच्या भागात हवा. म्हणून रंगाऱ्याला काम देण्याआधीच मांडणी ठरवा: वर कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. हाताने पाट्या रंगवणारे कलाकार आता कमी उरलेत, पण दोन्ही लिप्यांवर हात बसलेला माणूस आपल्याकडेच मिळतो. लाकडावर काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, कडेला बारीक तांबडी रेघ. फ्लेक्सवर जुना फॉन्ट छापून घेऊ नका. कन्नडचं शुद्धलेखन जाणकाराकडून तपासून घ्या. चुकीची पाटी रोज रस्त्याने जाणारा वाचतो.

पावसाळा

बेळगावचा पाऊस, त्यातही खानापूर-चोर्ल्याच्या बाजूचा, मशीनचा मुख्य शत्रू. जून ते सप्टेंबर खिडकीजवळ ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको. रेक्झिनचं कव्हर घाला, पण खालून हवा जायला हवी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर आतच दव धरतो. कव्हरखाली सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि त्या ओल्या झाल्या की बदला. आठवड्यातून एकदा पानभर मारा, सगळ्या कळा हलल्या पाहिजेत. जुनी कागदपत्रं, कार्बनपेपर आणि बनात यांना कसर लागते, तेव्हा ड्रॉवरमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि महिन्यातून एकदा ड्रॉवर रिकामा करून झटका.

बरेच दिवस ऑफिस बंद राहणार असेल तर कागद सोडायचा खटका पुढे ओढून ठेवा. तसं केलं नाही तर खालच्या लहान रोलरांचा दाब एकाच जागी बसतो, मोठ्या रोलरला चपटे डाग पडतात आणि पुढे कागद वाकडा चढू लागतो.